रेड का व्हाइट? चार बाटल्या आणि एक द्राक्षवाला

निकाल आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांना पुढचं वाचत बसायला नको. उन्हाळ्यात, सांगलीत, आपल्या घरच्या जेवणाबरोबर आम्ही देशी वाइनच्या चार बाटल्या फोडल्या. त्यात सुला कंपनीची शेनिन ब्लाँ (व्हाइट) सगळ्यात आधी संपली. तिच्या मागोमाग फ्राटेलीची सांजोव्हेसे (रेड). सुलाच्याच सोव्हिन्यों ब्लाँवरून (हीही व्हाइट) घरात दोन तट पडले. आणि चौघींत महाग असलेली ग्रोव्हर झम्पाची ला रिझर्व (रेड) अर्धी उरली. तिचा त्यात काही दोष नव्हता. दोष आमच्या खर्ड्याचा आणि आमच्या हवेचा.

आता मी कोण, ते सांगतो. आमची बाग पलूस तालुक्यात, राहायला आता सांगलीत विश्रामबागेत. वडिलांपासून द्राक्ष. तास-ए-गणेश ही जात निघाली तीच आमच्या शेजारच्या तासगाव तालुक्यात, थॉमसन या खायच्या द्राक्षातून. थॉमसन, सोनाका, माणिक चमन सगळं लावून झालं, हल्ली बराचसा माल बेदाण्याला जातो. २००१ साली राज्य सरकारनं वाइनसाठी वेगळं धोरण आणलं, एमआयडीसीनं नाशिककडे विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला वाइन पार्क काढलं, तेव्हा आमच्या पट्ट्यातही वाइनच्या जाती लागल्या. मीही दोन एकर शिराझ लावलं होतं, डॉगरिजच्या खुंटावर. पुढं २००८-०९ च्या मंदीत उठाव थांबला. ज्यांच्याशी करार होता त्यांचा माणूस फोन उचलेना, घड वेलीवरच सुकायला लागले. त्या हंगामानंतर बाग काढली आणि परत थॉमसन केलं. आमच्या भागात असं करणारा मी एकटा नव्हतो. तर मुद्दा असा की शिराझचे क्रेटच्या क्रेट भरून दिलेला हा माणूस, पण त्याची वाइन शांतपणे बसून, दुसऱ्या वाइनशी ताडून बघायचा योग कधी आला नव्हता. यंदा आणला.

चवीकडे वळण्याआधी द्राक्षाचं बोललंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खायच्या मालाला आपण जीएमध्ये (मणी वाढवणारं संजीवक) बुडवतो, विरळणी करतो, मणी फुगवतो. गिऱ्हाइकाला लांब, टपोरा, बिनबियांचा मणी लागतो. वाइनच्या द्राक्षाचं नेमकं उलटं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खायचा माल १७-१८ ब्रिक्सला (म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाला) काढायला लागतो, वाइनचा २२ ते २४ पर्यंत वेलीवर ठेवतात. पिकलेला शिराझचा मणी दोन बोटांत धरून दाबा. साल फाटते आणि गर पुढे येतो तो पांढरट, किंचित हिरवा. त्याचा थेंब तळहातावर घेतला तर जवळजवळ पाण्यासारखा. बोटं मात्र जांभळी झालेली असतात, आणि ती सालीच्या आतल्या बाजूनं झालेली असतात. बहुतेक सगळ्या काळ्या द्राक्षांचं असंच आहे, रंग सालीत, गर बिनरंगाचा. व्हाइट वाइन करताना द्राक्ष दाबून रस आधी वेगळा काढतात आणि मग आंबवतात. रेडमध्ये साल-बियांसकट सगळं आंबवतात, म्हणून रंग उतरतो आणि त्याबरोबर तुरटपणाही. तेव्हा रेड का व्हाइट हे भांडण मुळात साल टाकीत ठेवली का बाहेर काढली, एवढंच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की दारूच्या दुकानात पाठीमागच्या लेबलवरचं अलंकारिक लिखाण वाचायची गरज राहत नाही.

दुकानाचं मात्र वेगळं सांगायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक वाइन शॉपमध्ये व्हिस्की आणि बिअर यांना मानाची जागा, वाइन कुठेतरी वरच्या फळीवर, उभी, धूळ खात, ट्यूबलाइटखाली. फ्रिजमध्ये जागा बिअरला. मी पहिल्यांदा गेलो त्या दुकानात (नाव घेत नाही) फळी रस्त्याच्या बाजूच्या काचेला लागून होती आणि दुपारचं ऊन थेट बाटल्यांवर. तिथून आणलेली एक रेड घरी येऊन पाहिली तर बुचानं डोकं वर काढलेलं, वरचं आवरण चिकट. फोडली तर वास उकळत्या काकवीचा, फळाचा मागमूस नाही. रंगाला विटकरी झाक. ही बाटली बनवणाऱ्याकडे चांगलीच असणार, वाटेत किंवा फळीवर शिजली. तेव्हा पहिला सल्ला: एप्रिल-मे मध्ये घ्यायची तर एसी असलेल्या दुकानातूनच घ्या, बुचाची बाटली असेल तर बूच तोंडाशी सपाट आहे का बघा, हाताला चिकट लागली तर परत ठेवा. शक्य असेल तर फिरकीचं झाकण असलेली घ्या. त्यात कमीपणा काही नाही. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला होता, त्यावर केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल, आणि मग ते मागं पडलं. त्या वादात मी पडत नाही, माझ्या घरातच दोन मतं आहेत. पण गार दुकानातली फळी आणि उन्हातली फळी यातला फरक त्या काकवीच्या बाटलीनं मला दाखवला.

चार बाटल्या शेवटी दुसऱ्या दुकानातून आणल्या, ज्याचा मालक निदान तोंडानं तरी "साहेब, वाइनला ऊन नको" म्हणाला. दोन व्हाइट, दोन रेड, सगळ्या हजार-दीड हजाराच्या आतल्या. बसायला माणसं पाच: मी, बायको, सूनबाई, मिरजेचा मेहुणा आणि शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर साहेब. मुलगा ड्युटीवर होता, त्याला दुसऱ्या दिवशी उरलेली मिळाली.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर १ ते ४ आकडे टाकले. काम सूनबाईंनी केलं आणि कुठला आकडा कशाचा हे तिनं कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. ती स्वतः मग न्यायाधीश झाली. पेल्यांसाठी हरभट रोडला जाऊन काचेचे, पोट मोठं आणि तोंड निमुळतं असे साधे पेले आणले. ज्यांना वाटतं की पेल्यानं काय फरक पडतो, त्यांनी तीच वाइन स्टीलच्या फुलपात्रात ओतून नाक लावून बघावं. मेहुण्यानं बघितलं, आणि नंतर त्यानं फुलपात्र परत मागितलं नाही. पेला एक तृतीयांशच भरायचा, म्हणजे हलवायला जागा राहते आणि वास वर गोळा होतो. तोंडापर्यंत भरून दिला की पाहुणचार होतो, चव कळत नाही.

व्हाइटपासून सुरुवात केली, कारण तुरट आधी खाल्लं की जीभ पुढचं काही धड सांगत नाही.

१ नंबर निघाली शेनिन ब्लाँ. रंग अगदी फिका, कडेला हिरवट. नाकाला पिकल्या पेरूचा वास आला, तोही पांढऱ्या गराच्या, फोडल्या फोडल्या येतो तो. त्याच्यामागे थोडं अननस. तोंडात किंचित गोड, पण आंबटपणा खालून धरून ठेवतो, म्हणून सरबत होत नाही. सुलाची शेनिन ठरवूनच थोडी गोडसर ठेवलेली असते. जाणकार मंडळी यावर नाक मुरडतात असं ऐकतो. मुरडू देत. पहिल्यांदा वाइन पिणाऱ्याला हीच द्यावी. बायको आजवर वाइनच्या वाटेला गेली नव्हती, तिनं घोट घेतला, थांबली, आणि म्हणाली, "अहो, याला द्राक्षाचा वास का येत नाही?" प्रश्न बरोबर आहे. आपल्या थॉमसनचा वास या वाइनमध्ये कुठंच नाही. आंबवताना यीस्ट साखरेचं मद्य करतं आणि त्या खटपटीत नवे वास तयार होतात, पेरू-अननस हे त्यातलेच. तिला पटलं का ते माहीत नाही, दुसरा पेला मात्र तिनं स्वतः ओतून घेतला.

२ नंबरवरून भांडण. सोव्हिन्यों ब्लाँ. कागद काढायच्या आधीच मॅनेजर साहेब म्हणाले, "ही ढोबळी मिरची कुठून आली?" बरोबर ओळखलं. कॅबर्ने आणि सोव्हिन्यों या घराण्यातल्या द्राक्षांत जे पायराझीन नावाचं द्रव्य असतं, तेच ढोबळी मिरचीतही असतं. घडावर ऊन जास्त पडलं, माल जास्त पिकला की ते कमी होतं. म्हणून पानांची विरळणी किती करायची, तोडणी कधी करायची, यावर बाटलीतली मिरची ठरते. मला बागायतदार म्हणून ही वाइन सगळ्यात आवडली, कारण तिच्यात बागेतला निर्णय नाकाला कळतो. कोरडी, चांगली आंबट, शेवटी लिंबाच्या सालीचा कडवटपणा. सूनबाई माझ्या बाजूनं. मेहुणा म्हणाला, "दाजी, कोशिंबीर प्यायला दिल्यागत वाटतंय." मॅनेजर साहेब त्याच्या बाजूनं. हे भांडण पुढे जेवणात मिटलं, ते नंतर सांगतो. सुलानं २००० साली बाजारात पहिल्यांदा माल आणला तो याच दोन जातींचा, शेनिन आणि सोव्हिन्यों. तोवर आपल्याकडे लोकांना वाइन म्हणजे औषधासारखी गोड काळपट पोर्टच माहीत होती. नाशिकच्या त्या मातीत रेडच्या आधी व्हाइट रुजली, हे मला सूचक वाटतं. आपल्या हवेला नक्की काय मानवतं, त्याचा अंदाज तिथंच होता.

आता रेड, आणि रेडच्या आधी थर्मामीटर.

पुस्तकात लिहितात, रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी. ती खोली युरोपातल्या दगडी घरातली, १६-१८ अंशांची. आमच्या हॉलमध्ये पंखा फुल्ल असताना बेदाणा शेडवरचा थर्मामीटर आणून ठेवला तर ३४ दाखवत होता. ३४ अंशांची रेड पिणं म्हणजे शिक्षा. मद्याची वाफ आधी नाकात जाते, फळ मागं राहतं, घशाला चटका बसतो, आणि माणूस म्हणतो, "छे, रेड आपल्याला झेपत नाही." म्हणून तज्ज्ञ मंडळी सांगतात, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. हा हिशेबही त्यांच्याच घरचा. २२ अंशांची बाटली अर्ध्या तासात १८ च्या आसपास येत असेल, ३४ ची येत नाही. काच जाड, आत पाऊण लिटर पाणी, फ्रिजमधली हवा हळूहळू उष्णता काढते. आम्ही बाटली बाहेर काढून पेल्यात थोडी ओतून मोजत गेलो. अर्ध्या तासानं ती तिशीच्या आसपासच होती. १८ ला यायला जवळजवळ दोन तास लागले. व्हाइट तर आदल्या रात्रीच आत टाकलेली बरी. घाई असेल तर बादलीत बर्फ, बर्फ बुडेल एवढं पाणी आणि मूठभर खडेमीठ घाला, बाटली मानेपर्यंत बुडवा आणि मधूनमधून फिरवा. पाणी हवेपेक्षा फार वेगानं उष्णता ओढतं, मिठानं बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं. दहा-बारा मिनिटांत रेड तयार. त्याच्यापुढं जाऊ देऊ नका, कारण गारठलेल्या रेडचा तुरटपणा जिभेला टोचायला लागतो. आणि व्हाइटचंही तेच, फ्रिजमधून काढल्या काढल्या तिचा वास मुका असतो, पेल्यात दहा मिनिटं बसू द्या.

३ नंबर, सांजोव्हेसे. ही आपल्या शेजारची, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजकडची. इटलीचे भाऊ, दिल्लीचे भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील भाऊ अशा तीन घरांनी मिळून फ्राटेली काढली, नावाचा अर्थही भाऊच. इटलीत टस्कनीत किआंती नावाची वाइन जिच्यापासून करतात ती ही जात. पिएरो मासी हे तिथलेच वाइनमेकर अकलूजला आले. रंग शिराझसारखा गडद नाही, पेल्यातून पलीकडचा हात दिसतो. आलुबुखाराचा वास, थोडा वाळक्या पाल्याचा. तोंडात मात्र आंबटपणा चांगला खणखणीत, तुरटपणा बेताचा. मला आश्चर्य याचं वाटलं की रेड असून ती तोंडाला पाणी आणते. मेहुणा एकदम खूश. "ही चालंल," म्हणाला, म्हणजे त्याच्या भाषेत दहापैकी नऊ.

४ नंबर ला रिझर्व. ग्रोव्हर मंडळींनी १९८८ साली बेंगळुरूजवळ नंदी हिल्सला बाग उभी केली, फ्रान्समधल्या बोर्दोचे वाइनतज्ज्ञ मिशेल रोलाँ त्यांचे सल्लागार झाले, आणि २०१२ मध्ये नाशिकच्या झम्पाशी गाठ बांधली गेली. कॅबर्ने आणि शिराझ यांचं मिश्रण, ओकच्या पिंपात मुरवलेलं. पेल्यात गडद, नाकाला आधी लाकूड आणि व्हॅनिला, मग जांभूळ, आणि थोड्या वेळानं मिरे. मिऱ्याचा वास आला आणि मी जरा गप्पच झालो. शिराझच्या सालीत रोटंडोन नावाचं द्रव्य असतं, काळ्या मिरीतही तेच. एवढी वर्षं घड हाताळले तेव्हा कच्च्या मण्यात तो कधी इतका जाणवला नव्हता, इथं पेल्यातून सरळ वर आला. तुरटपणा हिरड्यांना धरतो, गाल आत ओढले जातात. एकटी प्यायला, सावकाश, रात्री नऊनंतर हवा जरा उतरल्यावर, ही चौघींत सगळ्यात मोठी वाइन आहे, यात मला शंका नाही. तळाशी बारीक चमकणारे खडे दिसले म्हणून सूनबाई घाबरली, काच पडली का म्हणून. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, द्राक्षातलेच, निरुपद्रवी.

मग डोळे बांधून खेळ. बोर्दोत २००१ साली संशोधकांनी वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एकच व्हाइट वाइन दिली, एकदा तशीच आणि एकदा बिनवासाचा लाल रंग घालून. लाल रंग बघून त्यांनी त्याच वाइनला रेडचे शब्द वापरले. मी हे ऐकून होतो, म्हणून म्हटलं आपल्याकडे बघू. रंग घालायचा नव्हता, म्हणून डोळ्याला रुमाल. सोव्हिन्यों आणि सांजोव्हेसे दोन्ही एकाच गारव्याला आणल्या, कारण नाहीतर गार ती व्हाइट असं कुणीही सांगेल. नुसत्या वासावर आमचे निम्मे अंदाज चुकले, मॅनेजर साहेबांनी तर सांजोव्हेसेला छातीठोकपणे व्हाइट ठरवलं. पण घोट तोंडात घेऊन दोन क्षण हिरड्यांवर फिरवला की एकही जण चुकला नाही. नाकाला फसवता येतं, हिरडीला नाही. साल आत होती का बाहेर, ते तिथंच कळतं. घरी करून बघायला हा खेळ मी कुणालाही सुचवीन, आणि त्याला महाग बाटली लागत नाही.

जेवण. इथं सगळ्या क्रमवारीची उलथापालथ झाली. पानात होतं भडंग आधी तोंडात टाकायला, मग बाजरीची भाकरी, भरली वांगी, मटणाचं सुकं, हिरव्या मिरचीचा खर्डा, काकडीची कोशिंबीर, उकडलेली अंडी.

ला रिझर्वचा घोट आणि खर्ड्याचा घास यांची गाठ पडली आणि मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी. "दाजी, तोंडात जाळ झाला!" मिरचीच्या झणझणीत तोंडावर मद्य आणि तुरटपणा दोन्ही दुपटीनं लागतात. जितकी रेड तगडी तितका जाळ मोठा. बोर्दोकडच्या जेवणात ही अडचणच येत नाही. उलट शेनिन गार, किंचित गोड, आंबट, मद्याचा भडका कमी. भडंगाबरोबर ती इतकी चालली की भडंगाची परात आणि बाटली एकाच वेळी रिकामी झाली. लसूण, शेंगदाणा, तिखट, सगळ्याला तिनं सावरून घेतलं.

सोव्हिन्योंचं भांडण कोशिंबिरीनं मिटवलं. काकडी, कोथिंबीर, लिंबू यांच्याबरोबर तिचा हिरवा वास एकदम जागेवर बसला. मॅनेजर साहेबांनी दोनदा मागून घेतली आणि आधीचं मत मागे घेतलं नाही, फक्त पेला पुढे केला. भरल्या वांग्याला सांजोव्हेसे. शेंगदाण्याचं कूट आणि तेल तुरटपणाला बांधून टाकतं, आणि तिचा आंबटपणा मसाल्याचं जडपण कापतो. ही जोडी मी पुन्हा नक्की करीन. मटणाचं सुकं जर बायकोनं नेहमीच्या हातानं केलं तर कुठलीही रेड नको, पण तिखट निम्मं करून, खोबरं वाढवून केलं तर ला रिझर्व त्याच्याशी उत्तम जमते. उकडलेल्या अंड्याबरोबरही तिचा तुरटपणा बराच मवाळ होतो, प्रथिनं टॅनिनला, म्हणजे तुरट करणाऱ्या द्रव्याला, पकडतात म्हणून. "तुमच्या बाटलीसाठी मी मटण अळणी करू?" असं बायकोनं विचारल्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तेव्हा विकत घ्यायचं झालं तर माझं मत असं. घरात कुणी वाइन पीत नसेल आणि सुरुवात करायची असेल, तर शेनिन ब्लाँ, रात्रभर गार करून, भडंग किंवा भज्यांबरोबर. रेडच हवी असेल तर सांजोव्हेसे, दोन तास फ्रिजमध्ये, वांगं किंवा पिठल्याबरोबर. सोव्हिन्यों ज्याला आंबट-हिरवं आवडतं त्याला. ला रिझर्व थंडीत घ्या, डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा आपल्या खोलीचं तापमान खरोखर खोलीचं तापमान असतं, आणि जेवणानंतर प्या, जेवणाबरोबर नको. पाऊण लिटरची बाटली दोघांत संपत नसेल तर काही कंपन्यांची ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळते, ती बघा. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्येच, रेडसुद्धा. व्हाइट दोन-तीन दिवस बरी राहते. आमच्या हवेत बाहेर ठेवलेली उघडी रेड दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हिनेगरच्या वाटेला लागते. मुलाला मिळालेली सोव्हिन्यों दुसऱ्या दिवशीही ठीक होती, फक्त ढोबळी मिरची जरा बसली होती, त्यामुळं त्याला जास्तच आवडली.

अर्धी उरलेली ला रिझर्व मेहुणा मिरजेला घेऊन गेला. परवा फोन आला, मटणाबरोबर संपवली म्हणाला, झकास लागली. प्यायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवली होतीस का, असं विचारलं, तर म्हणाला, "दाजी, बर्फ टाकून प्यालो."